मोटारशर्यतीतील गियरबदल

मोटारशर्यतीतील गियरबदल म्हणजे बंदिस्त शर्यतमार्गावर मोटार चालवताना इंजिनाचा वेग, गाडीचा वेग आणि पुढील वळणाची गरज यांचा मेळ राखण्यासाठी चालकाने ठरावीक ठिकाणी व ठरावीक रीतीने केलेला गियरचा बदल होय. यात तीन प्रश्नांचा विचार होतो : गियर केव्हा बदलावा, कोणत्या वळणासाठी कोणता गियर निवडावा आणि हीच क्रिया प्रत्येक फेरीत न चुकता सारखी कशी करावी. यांतील तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा मानला जातो. गियर झपाट्याने बदलल्याने वाचणारा वेळ सेकंदाच्या अंशांत मोजावा लागतो. चुकीचा गियर पडल्यास मात्र फेरी, इंजिन किंवा गाडीवरील ताबा यांपैकी काहीही गमवावे लागू शकते.

यांत्रिक पार्श्वभूमी

अंतर्ज्वलन इंजिन सर्व वेगांना सारखी शक्ती देत नाही. मंद फिरताना त्याची शक्ती कमी असते, वेग वाढेल तशी ती वाढत जाते आणि एका मर्यादेनंतर पुन्हा घटू लागते. इंजिनाच्या अक्षावर मिळणाऱ्या पिळास टॉर्क म्हणतात. हा टॉर्क गियरबॉक्समधून चाकांकडे जाताना गियरच्या गुणोत्तराने गुणला जातो. खालच्या गियरचे गुणोत्तर मोठे असल्याने चाकांना अधिक जोर मिळतो, पण त्या गियरमध्ये इंजिन आपल्या कमाल वेगाला लवकर पोहोचते. वरच्या गियरमध्ये याच्या उलट घडते.

इंजिनाचा वेग प्रति मिनिट फेऱ्यांत मोजतात. ज्या वेगापलीकडे इंजिनाला इजा होण्याचा संभव असतो, तेथे मापकावर लाल रेषा आखलेली असते. लाल रेषेच्या अलीकडील ज्या पट्ट्यात इंजिन सर्वाधिक शक्ती देते त्याला शक्तिपट्टा म्हणता येईल. सर्वसाधारण रस्त्यावरच्या गाडीत हा पट्टा रुंद असतो. शर्यतीच्या गाडीत तो पुष्कळदा अरुंद असतो. त्यामुळे इंजिन या पट्ट्यातून बाहेर पडू न देणे हे शर्यतीच्या चालकाचे पहिले काम ठरते.

वरचा गियर टाकण्याची वेळ

लाल रेषा गाठली की वरचा गियर टाकावा, असा समज रूढ आहे. तो नेहमीच बरोबर नसतो. सध्याच्या गियरमध्ये चाकांना मिळणारा जोर हा वरच्या गियरमध्ये मिळू शकणाऱ्या जोरापेक्षा कमी होऊ लागला, की तो बदलाचा योग्य क्षण होय.

उदाहरणादाखल, एका गाडीच्या तिसऱ्या गियरचे गुणोत्तर १.४३, चौथ्याचे १.११ आणि लाल रेषा ७,००० फेऱ्यांवर आहे असे मानू. ७,००० फेऱ्यांवर चौथा गियर टाकल्यास इंजिनाचा वेग सुमारे ५,४३० फेऱ्यांपर्यंत उतरेल. समजा, ५,४३० फेऱ्यांवर इंजिन १८५ न्यूटन-मीटर टॉर्क देते आणि ७,००० फेऱ्यांवर १५० न्यूटन-मीटर. तिसऱ्या गियरमध्ये १५० गुणिले १.४३ म्हणजे सुमारे २१५, तर चौथ्यात १८५ गुणिले १.११ म्हणजे सुमारे २०५ एवढा जोर पुढे जाईल. अशा गाडीत लाल रेषेपर्यंत तिसराच गियर ठेवणे हिताचे. मात्र ७,००० फेऱ्यांवर टॉर्क १३५ न्यूटन-मीटरवर घसरत असेल, तर तिसऱ्या गियरचा जोर १९३ वर येतो आणि चौथा गियर त्याआधीच टाकायला हवा होता असे ठरते. इंजिन अधिक मोठ्याने गर्जत असते म्हणून गाडी अधिक जोराने पळत असते असे नाही, हा यातून निघणारा निष्कर्ष आहे.

दोन लगतच्या गियरांमधील अंतर सर्वत्र सारखे नसते. खालच्या गियरांमध्ये ते बहुधा मोठे, तर वरच्या गियरांमध्ये लहान असते. म्हणून प्रत्येक बदलासाठी फेऱ्यांचा आकडा वेगळा असू शकतो. शर्यतीच्या गाड्यांत चालकासमोर दिव्यांची ओळ बसवलेली असते. इंजिनाचा वेग वाढेल तसे दिवे क्रमाने लागतात आणि त्यामुळे मापकाकडे न पाहता बदलाचा क्षण कळतो.

कधी कधी चालक योग्य क्षणाआधीच मुद्दाम वरचा गियर टाकतो. ओल्या मार्गावर चाकांना जास्त जोर मिळाल्यास ती जागीच घसरून फिरू लागतात. वरच्या गियरमुळे तो जोर सौम्य होतो. लगेच ब्रेक लावावा लागणार असेल, पुढील वळणाच्या ऐन मध्यावर बदलाची वेळ येणार असेल किंवा इंधन वाचवायचे असेल तरीही असा लवकर बदल करतात.

खालचा गियर आणि वेगमेळ

खालचा गियर टाकताना इंजिनाचा वेग वाढवावा लागतो. वरील उदाहरणातील गाडी चौथ्या गियरमध्ये ४,५०० फेऱ्यांवर असताना तिसरा गियर टाकल्यास, तेवढ्याच गाडीच्या वेगासाठी इंजिनाने सुमारे ५,८०० फेऱ्यांनी फिरायला हवे. हा १,३०० फेऱ्यांचा फरक भरून न काढता क्लच सोडला, तर मंद फिरणारे इंजिन चाकांना मागे खेचते. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत ती चाके क्षणभर अडतात आणि गाडीची मागची बाजू सरकते. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत पुढची पकड कमी होऊन गाडी वळण्यास नकार देते. ब्रेक लावल्यामुळे गाडीचे वजन आधीच पुढे आलेले असते आणि मागची चाके हलकी झालेली असतात. अशा वेळी, विशेषतः पावसात, एवढासा हिसकाही गाडी गरकन फिरवण्यास पुरेसा होतो.

यावरचा उपाय म्हणजे क्लच दाबलेला असताना ॲक्सिलरेटरला क्षणभर धक्का देऊन, बोलभाषेत रेस देऊन, इंजिनाचा वेग आवश्यक तेवढा वाढवणे. यास वेगमेळ म्हणता येईल. मात्र त्याच वेळी उजवा पाय ब्रेकवर असतो. म्हणून उजव्या पायाच्या चवड्याने ब्रेकवरील दाब कायम ठेवून त्याच पायाच्या टाचेने किंवा बाहेरच्या कडेने ॲक्सिलरेटर दाबण्याची रीत रूढ झाली. तिला हील-अँड-टो म्हणतात. नावात टाच असली तरी अनेक गाड्यांत पायाची कडच वापरली जाते. दोन्ही पॅडल एकमेकांपासून किती दूर आहेत आणि ब्रेक दाबल्यावर त्यांची उंची किती सारखी होते, यावर ते अवलंबून असते. रेस देताना ब्रेकवरील दाब कमीजास्त होणे हा नवशिक्यांचा नेहमीचा दोष आहे. त्यामुळे ही क्रिया स्थिर दाबाने ब्रेक लावण्याची सवय झाल्यानंतरच शिकवली जाते.

सिंक्रोमेश यंत्रणा असलेल्या गियरबॉक्समध्ये वेगमेळाची गरज नाही, असे मानणे चुकीचे आहे. ही यंत्रणा १९२८ मध्ये कॅडिलॅक मोटारींत प्रथम आली. ती गियरबॉक्समधील फिरत्या भागांचे वेग जुळवून गियर विनासायास बसवते; परंतु क्लचच्या पलीकडे असलेल्या इंजिनाचा वेग ती जुळवू शकत नाही. तो मेळ चालकालाच घालावा लागतो. सिंक्रोमेश नसलेल्या जुन्या गाड्यांत याहून लांबची क्रिया करावी लागे : क्लच दाबून न्यूट्रलमध्ये येणे, क्लच सोडून रेस देणे आणि पुन्हा क्लच दाबून खालचा गियर टाकणे. यास दुहेरी क्लच पद्धत म्हणतात.

क्रमही महत्त्वाचा असतो. आधी ब्रेक, मग गियर. वरील गाडी सरळ भागाच्या शेवटी चौथ्या गियरमध्ये ६,८०० फेऱ्यांवर असताना तिसरा गियर टाकल्यास इंजिन सुमारे ८,७६० फेऱ्यांवर खेचले जाईल. चौथ्या गियरमधील वेग ५,४३० फेऱ्यांखाली आल्याशिवाय तिसरा गियर सुरक्षित नाही. शर्यतीच्या गाडीत वेग कमी करण्याचे काम ब्रेकचे आहे. खालचा गियर हा वळणातून बाहेर पडण्याची तयारी म्हणून टाकला जातो.

वळणासाठी गियरची निवड

वळणाचा गियर ठरवताना आत शिरण्याच्या वेगापेक्षा बाहेर पडण्याच्या वेगाचा विचार आधी केला जातो. वळणापुढे लांब सरळ भाग असेल, तर बाहेर पडताना मिळालेला थोडासा जास्त वेग त्या भागाच्या अखेरपर्यंत उपयोगी पडतो. ग्रेटर नोएडा येथील बुद्ध आंतरराष्ट्रीय सर्किटचे तिसरे वळण याचे चांगले उदाहरण आहे. हे चढावरचे, मंद गतीचे वळण असून त्यानंतर सुमारे एक किलोमीटरचा सरळ भाग लागतो. तेथे आत शिरताना केलेली घाई पुढच्या एक किलोमीटरभर भोवते.

अनेक वळणांत दोन गियर शक्य असतात. खालच्या गियरमध्ये जोर जास्त मिळतो, पण ॲक्सिलरेटर अत्यंत हळुवार हाताळावा लागतो आणि वळणातून बाहेर पडताच, गाडी पुरती सरळ झालेली नसताना, वरचा गियर टाकावा लागतो. वरच्या गियरमध्ये सुरुवातीचा जोर कमी असला तरी गाडी शांत राहते आणि गियरचे दोन बदल वाचतात. हाताने गियर बदलताना प्रत्येक वेळी काही क्षण चाकांना जोर मिळत नाही, हेही गणितात धरावे लागते. दोन्ही रीतींचा वेळ जवळपास सारखा येत असल्यास वरचा गियर निवडावा, असा सर्वसाधारण संकेत आहे; कारण त्यात चुकीला वाव कमी असतो.

वळणाच्या आतील कडेला गाडी सर्वांत जवळ जाते त्या बिंदूस एपेक्स म्हणतात. ब्रेकचे काम संपून गाडी एपेक्सकडे वळू लागण्यापूर्वी खालचा गियर टाकून झालेला असावा आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर असावेत, असा नियम हाताने गियर बदलण्याच्या गाड्यांसाठी सांगितला जातो.

सातत्य

मोनॅकोचा शर्यतमार्ग ३.३३७ किलोमीटरचा असून तेथील फॉर्म्युला वन शर्यत ७८ फेऱ्यांची असते. एका फेरीत ५० वेळा गियर बदलला असे धरल्यास शर्यतीत ३,९०० बदल होतात. शंभरात एक चूक हे प्रमाण वरकरणी क्षम्य वाटले, तरी या हिशेबाने ३९ चुका होतील. आणि तेथे कठडे मार्गाला अगदी लागून आहेत.

सातत्याचे मोल साध्या गणितानेही दाखवता येते. एका चालकाने २० फेऱ्या प्रत्येकी ११०.५ सेकंदांत पूर्ण केल्यास त्याला एकूण २,२१० सेकंद लागतील. दुसऱ्याने १६ फेऱ्या ११० सेकंदांत केल्या, पण गियर चुकल्यामुळे चार फेऱ्यांना ११३ सेकंद लागले, तर त्याची बेरीज २,२१२ सेकंद होते. सर्वांत वेगवान फेरी दुसऱ्याची, पण पुढे राहील पहिला.

सातत्यासाठी चालक प्रत्येक बदलाला मार्गावरची एक खूण ठरवतात : अंतर दाखवणारी पाटी, कठड्याचा सांधा, डांबराचा बदललेला रंग. खुणा पुसल्या जाणाऱ्या किंवा हलणाऱ्या नसाव्यात. सावली ही वाईट खूण होय, कारण ती दिवसभर सरकत असते. अनेक चालक शर्यतीपूर्वी मार्गाचा आराखडा कागदावर काढून प्रत्येक वळणासमोर गियरचा आकडा लिहितात आणि डोळे मिटून संपूर्ण फेरी मनात घोळवतात.

गाडीतील नोंदयंत्रामुळे हे तपासणे सोपे झाले आहे. इंजिनाचा वेग आणि चाकांचा वेग यांच्या गुणोत्तरावरून कोणत्या क्षणी कोणता गियर होता हे कळते. वेगवेगळ्या फेऱ्यांचे आलेख एकमेकांवर ठेवले की बदलाच्या जागा जुळतात का, हे दिसते. सातत्य असलेल्या चालकाचे आलेख जवळजवळ एकाच रेषेत येतात. खालचा गियर टाकताना इंजिनाच्या वेगाच्या आलेखात दिसणारा उंचवटा कमी पडला असेल तर रेस अपुरी दिली गेली, आणि त्याच जागी ब्रेकच्या दाबाचा आलेख खचला असेल तर पाय हलला, असा अर्थ काढला जातो. सातत्य नसेल तर गाडीत केलेल्या दुरुस्तीचा गुण आला की नाही हेही समजत नाही. फरक गाडीमुळे पडला की चालकामुळे, हा प्रश्न उरतो.

चुका आणि त्यांचे परिणाम

इंग्रजी एच अक्षरासारख्या खाचांच्या गियरबॉक्समध्ये सर्वांत घातक चूक म्हणजे वरच्या गियरऐवजी खालचा गियर पडणे. तिसऱ्यातून चौथा गियर टाकण्यासाठी दांडा सरळ मागे ओढावा लागतो. ओढताना तो डावीकडे दाबला गेला तर दुसरा गियर पडतो. वरील गाडीत दुसऱ्या गियरचे गुणोत्तर २.०५ असल्यास, ७,००० फेऱ्यांवर झालेली ही चूक क्लच सोडताच इंजिनाला सुमारे १०,००० फेऱ्यांवर नेईल. वेगमर्यादक येथे निरुपयोगी ठरतो. तो इंधन किंवा ठिणगी तोडू शकतो, पण येथे इंजिनाला चाकेच फिरवत असतात. अशा वेळी व्हॉल्व्ह वेळेवर मिटत नाहीत, ते दट्ट्यांवर आपटून वाकतात आणि इंजिन निकामी होते. दुरुस्तीच्या खर्चामुळे या चुकीला इंग्रजीत मनी शिफ्ट असे नाव पडले आहे.

या चुकीचे मूळ बहुधा घाईत आणि दांडा मुठीत आवळून धरण्यात असते. दांडा मधल्या खाचेकडे आणणारी स्प्रिंग गियरबॉक्समध्येच असते. हाताने तिच्याविरुद्ध जोर न लावणे हाच उपाय होय. म्हणून दांडा तळहाताने हलकेच ढकलावा व बोटांनी ओढावा, असे शिकवले जाते.

गियर न बसता न्यूट्रलमध्ये राहणे, क्लच पुरता न दाबल्याने दात घासणे, रेस देण्यास उशीर होणे आणि वळणाच्या मध्यावर बदल करणे या इतर नेहमीच्या चुका आहेत.

गियरबॉक्सचे प्रकार

एच रचनेत चालक मधले गियर वगळू शकतो, उदा. पाचव्यावरून थेट तिसरा. यात कृती कमी होतात, पण इंजिनाच्या वेगातील फरक मोठा असल्याने वेगमेळ अधिक नेमका साधावा लागतो. क्रमिक म्हणजे सिक्वेन्शियल गियरबॉक्समध्ये दांडा एकाच रेषेत पुढेमागे हलतो आणि गियर एकामागोमाग एक बदलतात. त्यात भलताच गियर पडण्याचा धोका उरत नाही. मात्र वेग पुरेसा कमी होण्याआधीच खालचा गियर टाकण्याची चूक तेथेही होऊ शकते.

शर्यतीच्या बहुतेक गियरबॉक्समध्ये सिंक्रोमेशऐवजी डॉग क्लच असतात. त्यांचे मोजके, मोठे दात एकमेकांत झटकन अडकतात. तेथे कचरत केलेला बदल दातांची झीज करतो. ठाम व जलद बदलच यंत्राला मानवतो.

१९८९ मध्ये जॉन बर्नार्ड यांनी आखलेल्या फेरारी ६४० या गाडीने फॉर्म्युला वनमध्ये स्टिअरिंगमागील पट्ट्यांनी गियर बदलण्याची विद्युत-द्रवचालित पद्धत आणली. सरावात ही यंत्रणा वारंवार बिघडत होती. तरीही रिओ दि जानेरो येथील पहिल्याच शर्यतीत नायजेल मॅन्सेल या गाडीतून जिंकले. काही वर्षांतच सर्व संघांनी ही पद्धत स्वीकारली. १९९१ सालची मॅकलारेन एमपी४/६ ही हाताने गियर बदलण्याची, विश्वविजेतेपद मिळवणारी शेवटची फॉर्म्युला वन गाडी ठरली. पूर्ण स्वयंचलित गियरबदलाला फॉर्म्युला वनमध्ये २००१ पासून मुभा होती. २००४ पासून त्यावर पुन्हा बंदी आली. २०१४ पासून पुढे जाण्याचे आठ गियर सक्तीचे झाले. अमेरिकेतील नॅसकारच्या मुख्य मालिकेने एच रचना २०२२ पर्यंत टिकवून धरली होती. त्या वर्षी तेथेही पाच गियरांचा क्रमिक गियरबॉक्स आला.

आधुनिक गाडीत वेगमेळ संगणक घालतो आणि इंजिनाला धोका असेल तर खालचा गियर नाकारतो. हाताची चूक त्यामुळे टळली. बदल केव्हा व कोठे करायचा हा निर्णय मात्र चालकाकडेच राहिला.

उल्लेखनीय शर्यती

१९९१ ची ब्राझील ग्रांप्री या संदर्भात नेहमी आठवली जाते. साओ पाउलोच्या इंटरलागोस मार्गावर आघाडीवर असलेल्या आयर्टन सेना यांच्या गाडीचा चौथा गियर निकामी झाला आणि नंतर इतर गियरही साथ देईनात. अखेरच्या फेऱ्या त्यांनी केवळ सहाव्या गियरमध्ये, पावसात पूर्ण केल्या. मंद वळणांत इंजिन बंद पडू न देणे हेच मोठे काम होते. रिकार्डो पात्रेसे यांना सुमारे तीन सेकंदांनी मागे ठेवून सेना यांनी मायदेशातील पहिला विजय मिळवला. पारितोषिक उचलण्याचेही त्राण त्यांच्या दंडांत उरले नव्हते. पट्ट्यांनी गियर बदलणारी विल्यम्स गाडी चालवणारे मॅन्सेल यांना त्याच शर्यतीतून गियरबॉक्सच्या बिघाडामुळे बाहेर पडावे लागले होते.

१९९४ च्या स्पॅनिश ग्रांप्रीत मायकेल शूमाकर यांची गाडी पाचव्या गियरमध्ये अडकली. वळणांतील आपल्या रेषा बदलून, गाडीचा वेग शक्य तितका टिकवत त्यांनी उरलेली शर्यत पूर्ण केली. पिटमधील थांब्यानंतरही ते पाचव्या गियरमध्येच निघाले आणि डेमन हिल यांच्यामागे दुसरे आले.

भारतात

भारतात चेन्नईजवळील इरुंगट्टुकोट्टै येथील मद्रास मोटर रेस ट्रॅक, कोइंबतूर येथील करी मोटर स्पीडवे आणि बुद्ध आंतरराष्ट्रीय सर्किट हे प्रमुख शर्यतमार्ग आहेत. बुद्ध सर्किटवर २०११ ते २०१३ या काळात फॉर्म्युला वनची इंडियन ग्रांप्री झाली. तिन्ही वेळा सेबास्टियन फेटेल विजयी झाले. नारायण कार्तिकेयन २००५ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये उतरणारे पहिले भारतीय ठरले. मुंबईचे जेहान दारूवाला यांनी २०२० मध्ये साखीर येथे फॉर्म्युला टू शर्यत जिंकली. या स्पर्धेत शर्यत जिंकणारे ते पहिले भारतीय होत. फॉर्म्युला टूच्या गाडीत स्टिअरिंगमागील पट्ट्यांनी चालणारा सहा गियरांचा क्रमिक गियरबॉक्स असतो.

महाराष्ट्रात अशा दर्जाचा कायमस्वरूपी शर्यतमार्ग नसल्याने येथील चालकांना सरावासाठी प्रामुख्याने तामिळनाडूत जावे लागते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८९ नुसार राज्य शासनाच्या लेखी संमतीविना सार्वजनिक ठिकाणी वेगाची स्पर्धा किंवा चाचणी करणे हा दंडनीय गुन्हा आहे. या लेखातील वेगमेळाचे तत्त्व घाटातील सावध वाहनचालनासही उपयोगी पडते. लाल रेषेपर्यंत इंजिन ताणणे व वळणावर पकडीची मर्यादा गाठणे या गोष्टींची जागा मात्र बंदिस्त शर्यतमार्ग हीच होय.

हे सुद्धा पाहा

गियरबॉक्स
क्लच
अंतर्ज्वलन इंजिन
फॉर्म्युला वन
बुद्ध आंतरराष्ट्रीय सर्किट